माँटगोमेरी बस बॉयकॉट: ३८१ दिवस लोक रोज कामावर जात कसे होते?

चाफेकळी:

नमस्कार मंडळी, १९५० च्या दशकातल्या अमेरिकेबद्दल गेला महिनाभर वाचतेय आणि एका ठिकाणी अडकलेय म्हणून विचारते. अलाबामातल्या माँटगोमेरीचा बस बॉयकॉट सगळ्यांना माहिती असतो. रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी १ डिसेंबर १९५५ ला गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडली नाही, त्यांना अटक झाली, तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसने जाणंच बंद केलं, मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले, आणि बसमधला भेदभाव संपला. सगळीकडे गोष्ट अशी तीन-चार वाक्यांत उरकतात. पण ५ डिसेंबर १९५५ ते २० डिसेंबर १९५६ हे जे मधले ३८१ दिवस आहेत त्यांचं काय? बसने जाणाऱ्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणंभांडी, मुलं सांभाळणं अशी कामं करणाऱ्या होत्या, म्हणजे उशीर झाला की काम जायची भीती. एक दिवस चालत जाणं समजू शकते, आठवडाभर पण समजू शकते, पण वर्षभर? गाड्या कुणाच्या, पेट्रोलचे पैसे कुठून आले, कोण कुठल्या गाडीत बसणार हे ठरवायचं कुणी?

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. शेवटी निकाल सुप्रीम कोर्टाने दिला ना, मग लोक बसने जात राहिले असते आणि नुसती केस चालवली असती तरी तेच झालं नसतं का? मला कुणाला कमी लेखायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.


जुनं_बाड:

चांगला प्रश्न आहे चाफेकळी, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरं तर डिसेंबर १९५५ च्या आधी सुरू होतं.

तिथल्या बसमध्ये नेमकं काय चालायचं ते आधी बघा. बसमध्ये ३६ सीट, त्यातल्या पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव, म्हणजे बसमध्ये एकही गोरा नसला तरी त्या रिकाम्याच ठेवायच्या आणि कृष्णवर्णीय बायकांनी पिशव्या घेऊन त्यांच्या शेजारी उभं राहायचं. तिकिटाचे १० सेंट पुढच्या दाराने चढून ड्रायव्हरकडे द्यायचे, मग खाली उतरायचं, बसच्या बाजूने चालत मागे जायचं आणि मागच्या दाराने चढायचं, आणि एखादा ड्रायव्हर माणूस मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत पैसे घेऊन बस सुरू करायचा. हे रोज, आणि बसने जाणाऱ्यांत साधारण पाऊण लोक कृष्णवर्णीय. म्हणजे कंपनी ज्यांच्या पैशांवर चालायची त्यांनाच अशी वागणूक.

पार्क्स बाई पुढच्या १० सीटवर बसल्याच नव्हत्या, हे पण बऱ्याच जणांना माहिती नसतं. त्या त्याच्या मागच्या रांगेत होत्या. एका गोऱ्या माणसाला सीट मिळाली नाही म्हणून ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघांना उठायला सांगितलं, कारण गोऱ्या माणसाच्या रांगेत दुसऱ्या बाजूच्या सीटवर सुद्धा कृष्णवर्णीय बसलेला चालायचा नाही. तिघं उठले, त्या उठल्या नाहीत. आणि हा तोच ड्रायव्हर होता ज्याने १९४३ मध्ये त्यांना मागच्या दाराने चढायला सांगून बसमधून उतरवलं होतं. त्यांचं वय ४२, एका मोठ्या दुकानात शिवणकाम करायच्या, आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या तिथल्या शाखेच्या सेक्रेटरी होत्या. दमलेली भोळी शिवणकाम करणारी बाई असं जे चित्र रंगवतात ते मला अजिबात पटत नाही, त्या अनेक वर्षं कार्यकर्त्या होत्या आणि आपण काय करतोय हे त्यांना पक्कं माहिती होतं.

आता खरी गोष्ट. जो ॲन रॉबिन्सन नावाच्या बाई अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. १९४९ च्या नाताळाच्या सुट्टीत त्या जवळपास रिकाम्या बसमध्ये चुकून पुढे बसल्या आणि ड्रायव्हर असा अंगावर धावून आला की आता मारतो की काय, त्या रडत रडत खाली उतरल्या. पुढे विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या बायकांच्या संघटनेची सूत्रं त्यांच्याकडे आली आणि त्यांनी बसचा प्रश्न लावून धरला. मे १९५४ मध्ये, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धचा ब्राउन खटल्याचा निकाल लागून चार दिवस झाले असतील, त्यांनी मेयर गेल यांना पत्र लिहून कळवलं की सुधारणा झाली नाही तर लोक बसवर बहिष्कार घालतील. म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी!

म्हणून अटकेची बातमी कळल्यावर त्यांना कुणाला विचारत बसायची गरजच पडली नाही. गुरुवारी रात्री त्या एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजच्या सायक्लोस्टाइल मशीनवर बसल्या, एका कागदावर तोच मजकूर तीनदा, म्हणजे कापला की तीन पत्रकं, आणि पहाटेपर्यंत हजारो पत्रकं कापून गठ्ठे बांधून तयार. सकाळी ८ चं लेक्चर घेतलं आणि मग गाडी काढून शाळा, दुकानं, ब्यूटी पार्लर असं फिरत वाटप. सोमवारी बसने जाऊ नका, बस्स एवढाच निरोप. रविवारी माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर या पेपरने पहिल्या पानावर बातमी छापली त्यामुळे ज्यांना पत्रक मिळालं नव्हतं त्यांनाही कळलं.


पायवाट:

जुनं बाड यांनी सुरुवात छान सांगितलीय, मी गाड्यांबद्दल लिहितो कारण मला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

पहिले काही दिवस कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी धकवून नेले, त्यांनी बसच्या भाड्यात म्हणजे १० सेंटमध्ये माणसं न्यायला सुरुवात केली. पालिकेने लगेच नियम दाखवला की टॅक्सीचं कमीत कमी भाडं ४५ सेंट आहे, त्याच्या खाली घेतलं तर कारवाई. घरकाम करणाऱ्या बाईला जाता-येता ९० सेंट परवडणं शक्यच नव्हतं. तेव्हा किंग यांनी लुइझियानातल्या बॅटन रूजला फोन लावला, तिथे १९५३ मध्ये असाच छोटा बॉयकॉट झाला होता आणि रेव्हरंड जेमिसन यांनी खाजगी गाड्यांची व्यवस्था चालवली होती. त्यांनी सगळी पद्धत फोनवर समजावून सांगितली.

मग सभेत विचारलं की कोण कोण गाडी देणार, आणि पहिल्याच फेरीत दीडशेच्या आसपास गाड्या मिळाल्या, पुढे तीनशेच्या घरात गेल्या. विचार करा, ज्यांनी घाम गाळून गाडी घेतली त्यांनी ती रोज अनोळखी माणसांच्या हवाली करायची. शिक्षक, पाद्री, गृहिणी, ज्याला जसा वेळ तसा त्याने गाडी चालवायची, कुणी कामावर जायच्या आधी दोन फेऱ्या, कुणी दुपारच्या सुट्टीत. वस्त्यांमधून सकाळी न्यायचे थांबे ठरले आणि संध्याकाळी गोऱ्यांच्या भागातून परत आणायचे थांबे ठरले, दोन्हीकडे चाळीसच्या वर, आणि हे सगळं छापून लोकांना वाटलं. शहराच्या मधोमध एका कृष्णवर्णीय मालकाच्या पार्किंगच्या जागेत मुख्य अड्डा, तिथे एका भागातून आलेला माणूस उतरून दुसऱ्या भागाच्या गाडीत बसायचा, अगदी बस डेपोसारखं. रुफस लुइस नावाचे गृहस्थ हा कारभार बघायचे.

नंतर डझनाहून जास्त नव्या स्टेशन वॅगन घेतल्या, त्या चर्चच्या नावावर, आणि गाडीच्या बाजूला त्या चर्चचं नाव रंगवलेलं. लोक त्यांना फिरती चर्च म्हणायचे. पालिकेने मग इन्शुरन्सवर दाब आणला, विमा कंपन्या पुन्हा पुन्हा पॉलिसी रद्द करायच्या आणि विमा नाही तर गाडी रस्त्यावर नाही. शेवटी अटलांटाच्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटच्या ओळखीने थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला.

पोलिसांचा त्रास तर रोजचाच. थांब्यावर उभ्या असलेल्या लोकांना दटावायचं, ड्रायव्हरला काहीही कारण काढून दंड करायचा. किंग यांना २६ जानेवारी १९५६ ला कशासाठी पकडलं माहितीये? ताशी २५ मैलांच्या रस्त्यावर ३० ने गाडी चालवली म्हणून. माणसं सोडायला निघाले होते आणि थेट जेलमध्ये. ३० जानेवारीला त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला, बायको आणि काही आठवड्यांची मुलगी आत होती, दोघी वाचल्या.

आणि हो, काही गोऱ्या मालकिणी स्वतः गाडी घेऊन यायच्या आपल्या स्वयंपाकिणीला न्यायला. मेयरने त्यांना जाहीर विनंती केली की हे बंद करा, तुमच्यामुळे बॉयकॉट टिकतोय. पण घरातलं काम अडणार म्हटल्यावर त्यांनी मेयरचं ऐकलं नाही. सगळ्याच काही समतेच्या बाजूच्या नव्हत्या, पण गाडी येत होती एवढं खरं.

तरीसुद्धा गाड्या सगळ्यांना पुरत नव्हत्या. कित्येक जण रोज मैलोनमैल चालतच जायचे, आणि काही म्हातारी माणसं गाडी शेजारी थांबली तरी बसायची नाहीत, आम्ही चालूनच जाणार म्हणायची. मला हा भाग वाचताना दर वेळी गलबलून येतं.


चाफेकळी:

बापरे, टॅक्सीच्या ४५ सेंटचं आणि विम्याचं मला अजिबातच माहिती नव्हतं. खूप धन्यवाद दोघांना. पैशांचं पण सांगा ना कुणीतरी. आणि क्लॉडेट कोल्विन नावाच्या मुलीला पार्क्स यांच्या आधीच अटक झाली होती असं वाचलं, मग तिच्या वेळी का नाही उठले सगळे?


उंबरठा:

पैशांचं मी सांगते, कारण माझ्या मते या सगळ्यात जिचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं ती बाई त्यातच आहे.

नंतर देशभरातून, परदेशातूनही देणग्या आल्या हे खरंय, पण शहरातला पैसा सभांमध्ये गोळा व्हायचा आणि त्यात जॉर्जिया गिल्मोर यांचा वाटा मोठा. त्या एका खानावळीत स्वयंपाकी होत्या. त्यांनी बायका जमवल्या, घरोघरी पाय, केक, सँडविच, चिकनची जेवणं करायची आणि विकायची, ब्यूटी पार्लरमध्ये, लाँड्रीत, टॅक्सी स्टँडवर. गिऱ्हाईकांत गोरे पण असायचे ज्यांना कुठे पैसा चाललाय हे माहितीच नसायचं! या मंडळाचं नाव क्लब फ्रॉम नोव्हेअर. म्हणजे कुणी विचारलं पैसे कुठून आले तर खरं उत्तर द्यायचं, कुठूनच नाही. कारण कुणी किती दिलं हे फक्त गिल्मोर यांना ठाऊक, बाकी कुणाला पत्ता नाही, म्हणजे मालकाला कळून कुणाचं काम जाणार नाही. दर आठवड्याच्या सभेत त्या पुढे येऊन रक्कम द्यायच्या आणि अख्खं चर्च उभं राहून टाळ्या वाजवायचं. नाण्यांची, चुरगळलेल्या नोटांची ती रक्कम पेट्रोल आणि टायरमध्ये जायची.

१९५६ च्या मार्चमध्ये किंग यांच्यावर खटला चालला, बॉयकॉट करायला बंदी घालणाऱ्या १९२१ च्या जुन्या कायद्याखाली, तेव्हा गिल्मोर यांनी कोर्टात उभं राहून ड्रायव्हर कसं वागवायचे ते सांगितलं. खानावळीतलं काम गेलं. मग त्यांनी आपल्या घरातच स्वयंपाक करून जेवणं द्यायला सुरुवात केली, त्यासाठी किंग यांनी पैशांची मदत केली, आणि पुढे कित्येक वर्षं चळवळीतले लोक त्यांच्या टेबलावर जेवत होते.

आता कोल्विन. २ मार्च १९५५, वय फक्त १५, शाळेतून घरी जाताना सीट सोडायला नकार दिला, पोलिसांनी ओढून बसमधून काढलं. तेव्हाही चर्चा झाली होती. पण एक तर अपिलात तिच्यावरचा वर्णभेदाच्या नियमाचा आरोप काढून टाकला आणि फक्त पोलिसाशी झटापट केल्याचा ठेवला, म्हणजे त्या केसवरून कायद्यालाच आव्हान देता येईना. दुसरं म्हणजे वय लहान, घर गरीब, आणि पुढे ती गरोदर राहिली, पेपरवाले तिचं काय करतील ही पुढाऱ्यांना भीती. त्यांचा हिशेब मला कळतो पण मन मानत नाही, कारण ती १५ वर्षांची पोर तेव्हा एकटी होती आणि नंतर शहरात तिच्याबद्दल बरंवाईट बोललं गेलं ते तिनेच सोसलं. तिच्या नावावरची ती नोंद कोर्टाने पुसली २०२१ मध्ये.

पण खरी गंमत पुढे आहे, चाफेकळीच्या दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेली. जी केस सुप्रीम कोर्टात गेली ती पार्क्स यांची नव्हतीच. ती ब्राउडर विरुद्ध गेल, म्हणजे मेयर गेल. फिर्यादी चार बायका, ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ, आणि क्लॉडेट कोल्विन. जिला पुढे करायला सगळे कचरत होते ती साक्षीला उभी राहिली.


सनदी:

उंबरठा यांनी केसचा विषय काढलाच आहे तर दुसऱ्या प्रश्नावर माझं मत लिहितो, थोडं वेगळं आहे. बॉयकॉटबद्दल आदर आहेच पण केस नसती तर तो हरला असता असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तारखा बघा. १ फेब्रुवारी १९५६ ला केस दाखल, ५ जूनला तीन न्यायाधीशांच्या केंद्रीय कोर्टाने २ विरुद्ध १ ने बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, पालिका अपिलात गेली. आणि १३ नोव्हेंबरला काय होतं? त्या दिवशी माँटगोमेरीच्या राज्य कोर्टात पालिकेच्या अर्जावर सुनावणी होती की ही गाड्यांची व्यवस्था बेकायदा आहे, बंद करा. किंग आरोपीच्या बाजूला बसलेले, निकाल काय लागणार सगळ्यांना दिसत होतं, आणि मधल्या सुट्टीत एका बातमीदाराने त्यांच्या हातात कागद दिला की सुप्रीम कोर्टाने आजच खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. राज्याच्या कोर्टाने त्याच दिवशी गाड्यांवर बंदी घातलीच. म्हणजे वॉशिंग्टनहून ती बातमी आली नसती तर गाड्या बंद आणि हातात काहीच नाही. पालिकेकडे वेळ होता, पोलिस होते, राज्यातली कोर्टं होती.


पायवाट:

सनदी, तारखा सगळ्या बरोबर आहेत पण त्यातून तुम्ही काढता तो अर्थ मला पटत नाही, कारण तुम्ही केसला बॉयकॉटपासून वेगळी काढताय.

सुरुवातीला मागणी काय होती? वर्णभेद संपवा अशी नव्हतीच! ड्रायव्हरनी सभ्य वागावं, गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून भरत यावं आणि बसलेल्याला उठवू नये, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर घ्यावेत, इतकंच. त्याच अलाबामातल्या मोबील शहरात बस भरायची अशीच पद्धत चालू होती. पालिकेने हे मान्य केलं असतं तर बहुतेक महिन्याभरात सगळं मिटलं असतं आणि कायदा तसाच राहिला असता. पण त्यांना वाटलं हे लोक चार दिवसांत दमतील. जानेवारीत पालिकेचे कमिशनर लोक उघडपणे व्हाइट सिटिझन्स कौन्सिल या वर्णभेद टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेत गेले, अटका वाढल्या, बॉम्ब पडला, आणि मगच १ फेब्रुवारीची केस दाखल झाली, ३० जानेवारीच्या बॉम्बनंतर दोन दिवसांनी. लोक चालत राहिले म्हणून मागणी मोठी झाली.

आणि कंपनीची अवस्था बघा. जानेवारीतच भाडं १० वरून १५ सेंट करावं लागलं, मार्ग बंद करावे लागले. एप्रिल १९५६ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की आता आमचे ड्रायव्हर लोकांना वेगळं बसवणार नाहीत, आणि पालिका त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेली! कंपनी शिकागोच्या मालकीची, तिला पैसा हवा होता. निमित्त दुसऱ्या एका केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाचं होतं, पण माझ्या मते जोर रिकाम्या बसेसचाही होता.

शिवाय साक्षीला चार बायका उभ्या राहिल्या ते कशाच्या जोरावर? पाचव्या फिर्यादी बाईने धमक्या आणि दबाव आल्यावर नाव मागे घेतलं होतं. मागे शहर उभं नसतं तर बाकीच्या चौघी किती टिकल्या असत्या?


जुनं_बाड:

दोघांचं वाचून एक गोष्ट जोडतो जी सहसा कुणी सांगत नाही. १३ नोव्हेंबरला निकाल आला खरा पण त्याचा लेखी आदेश माँटगोमेरीत पोचला २० डिसेंबरला. लोकांनी सभेत ठरवलं की आदेश हातात पडेपर्यंत बसमध्ये पाय ठेवायचा नाही. आणि गाड्यांवर तर बंदी आलेली. म्हणजे शेवटचे पाच आठवडे फिरती चर्च नाहीत, थांबे नाहीत, शेजाऱ्याने शेजाऱ्याला नेलं तर नेलं नाहीतर पायी. थंडी सुरू झालेली, एक वर्ष चालून झालेलं, जिंकल्याचं कळलेलं, आणि तरी लोक रिकाम्या बसेस शेजारून जाताना बघत चालत होते. सनदी म्हणतात गाड्या बंद झाल्या असत्या तर हरले असते, तर गाड्या बंद झाल्याच होत्या, आणि बसेस रिकाम्याच फिरत होत्या.


सनदी:

हे पाच आठवडे माझ्या लक्षात नव्हते. मान्य, माझं म्हणणं त्यामुळे बरंच ढिलं पडतं. तरी केसशिवाय लेखी हक्क मिळाला नसता एवढं मी धरून राहीन.


चाफेकळी:

तुम्हा सगळ्यांचे खरंच आभार, मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेते आता. एकच राहिलं, पुढे काय झालं? म्हणजे २१ डिसेंबरला लोक बसमध्ये बसले, आणि मग? पार्क्स बाईंचा बसच्या खिडकीशी बसलेला फोटो आहे तो त्याच दिवसाचा ना?


उंबरठा:

हो त्याच दिवसाचा, पण त्यांच्या मागे जो गोरा माणूस दिसतो तो प्रवासी नाही, बातमीदार आहे, फोटोसाठी बसवलेला. पार्क्स त्या दिवशी घरीच होत्या, मासिकवाले त्यांना घेऊन गेले.

पुढचं सोपं नव्हतं. आठवडाभरातच बसवर गोळ्या झाडल्या, एका गरोदर बाईच्या दोन्ही पायांना गोळी लागली. १० जानेवारी १९५७ ला एका रात्रीत चार चर्च आणि दोन घरांवर बॉम्ब. पार्क्स यांचं दुकानातलं काम जानेवारी १९५६ मध्येच गेलं होतं, नवऱ्याचंही काम गेलं, धमक्यांचे फोन थांबेनात, शेवटी १९५७ मध्ये दोघं डेट्रॉइटला निघून गेले. ज्युलिएट मॉर्गन नावाच्या एक गोऱ्या ग्रंथपाल होत्या, बॉयकॉट सुरू होऊन आठवडा झाला तेव्हाच त्यांनी पेपरला पत्र लिहून त्याची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती, त्यांना गोऱ्या लोकांनी इतकं छळलं की १९५७ च्या उन्हाळ्यात त्यांनी जीव दिला. त्यांचं नाव पण लक्षात ठेवा.

आणि जो ॲन रॉबिन्सन, पत्रकं काढणाऱ्या. बॉयकॉट चालू असताना त्यांच्या घराच्या खिडकीवर दगड आला, मग एका रात्री दारात उभ्या असलेल्या गाडीवर ॲसिड ओतलं, सकाळी बघतात तर टपावर आणि बॉनेटवर भोकंच भोकं. दोन्ही वेळा करणारे पोलिसांच्या गणवेशातले होते. त्यांनी गाडी बदलली नाही. १९६० मध्ये माँटगोमेरी सोडेपर्यंत तीच भोकं पडलेली गाडी चालवत होत्या.